वाचक विचारतात: हलकं फ्लायव्हील लावू का?

प्रश्न (फोंडा): माझी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज फोंडा-पणजी आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. क्लचप्लेट संपलीय त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. मेस्त्री म्हणतो आहे तेच फ्लायव्हील लेथवर लावून निम्मं करून देतो, मित्र म्हणतो क्रोमोलीचं (एक मजबूत मिश्र स्टील) हलकं मागव. पिकअप खरंच वाढेल का? घाटात फरक पडेल का?

उत्तर: आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, फ्लायव्हील हलकं केल्याने इंजिनची ताकद एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. फ्लायव्हील म्हणजे क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बोल्टने लावलेलं जड चाक, एका पॉवर स्ट्रोकपासून (इंधन जळून बसणाऱ्या धक्क्यापासून) दुसऱ्यापर्यंत इंजिनला फिरतं ठेवणारं, आणि इंजिनचा वेग वाढवायचा तर त्या चाकाचाही वाढवावा लागतो, तिथे जी ताकद खर्च होते तेवढीच वाचते. किती वाचते ते गिअरवर आहे आणि हे बहुतेक जण सांगतच नाहीत. समजा 8 किलोचं काढून 4 किलोचं बसवलं. फर्स्टमध्ये इंजिन चाकापेक्षा साधारण 14 पट फिरतं, आणि हा आकडा हिशेबात वर्ग होऊन येतो, म्हणून फर्स्टला उचल घेताना गाडीतून 75-80 किलोचा माणूस उतरल्यासारखं वाटतं. तोच हिशेब पाचव्या गिअरला केला तर जेमतेम 4 किलो! आता फर्स्टमध्ये तुम्ही किती सेकंद असता ते तुम्हीच बघा.

चोर्ल्याचं म्हणाल तर तिथे अजिबात नाही. सेकंडला एका लयीत चढताना इंजिनचा वेग बदलतच नाही, मग फ्लायव्हील हलकं काय नि जड काय, तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, लागतो. वळणाआधी खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर टिचकावलात की रेव्ह (इंजिनचे फेरे) झटकन वर येतील आणि गिअर मस्त बसेल, ती मजा खरी आहे, ट्रॅकवाले त्यासाठीच लावतात. मायलेज विसरा.

आता ही मजा कुठे वसूल होते ते सांगतो. फर्मागुढीच्या चढावर पुढे बस थांबलीय, एसी चालू, तुम्ही क्लच सोडताय. जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद त्या क्षणी गाडीला ढकलते, हलक्यात ती नसते, रेव्ह धपकन पडतात आणि गाडी बंद, मागचा हॉर्न सुरू. मग जास्त रेव्ह देऊन क्लच घसटत निघायची सवय लागते आणि नवीन क्लचप्लेट लवकर जळते. पणजीच्या ट्रॅफिकमध्ये रोज हेच करायचंय ना? शिवाय एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा संथ वेग) डगमगतं, न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते. आणखी एक, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, क्रँक सेन्सरवरून इंजिनच्या वेगातले बारीक धक्के मोजून मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं) ओळखतो, हलक्या फ्लायव्हीलने ते धक्के मोठे होतात आणि सगळं ठीक असूनही चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

मेस्त्रीच्या लेथचं मात्र स्पष्ट नाही म्हणून सांगा. कंपनीचं फ्लायव्हील बहुधा कास्ट आयर्नचं असतं, ते निम्मं केलं की हाय रेव्हला चीर जाऊन फुटू शकतं आणि तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हील-क्लचवरचं धातूचं आवरण) फोडून बाहेर येतात, हे बघायला तुम्ही जवळ नसलेलं बरं. क्लच जिथे घासतो तो पृष्ठभाग नुसता साफ करून घेणं वेगळं, ते खुशाल करा, पण कंपनीने दिलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ होऊ न देता.

एवढं ऐकूनही हौस असेलच तर तुमच्याच इंजिनसाठी बनवलेलं स्टीलचं घ्या, फार टोकाचं हलकं नको, आणि बसवायच्या आधी बॅलन्सिंग करा. बोल्ट नवेच, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरचे घट्ट करत. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचं मागचं ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बदलून टाका, सीलला पैसे कमी, मजुरी जास्त, परत उतरवायला लागलं की रडाल. वॉरंटी असेल तर ती मात्र धोक्यात.

मी तुमच्या जागी असतो तर चांगला क्लच सेट, चांगले टायर, संपलं.

प्रश्न (डिचोली): डिझेल एसयूव्हीचं ड्युअल मास फ्लायव्हील गेलंय, नवीन फार महाग. साधं सिंगल मास किट लावलं तर चालेल?

उत्तर: गाडी चालेल, पण फरक जाणवेल. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा असतात, डिझेलचे धक्के त्या खातात. किटमध्ये ते सगळं काम क्लचप्लेटच्या छोट्या स्प्रिंगांवर येतं, त्यामुळे कमी रेव्हला केबिनमध्ये थरथर आणि गिअरबॉक्सची खडखड, आणि तो मार शेवटी गिअरबॉक्सच खातो. वर्षभरात गाडी विकायचीच असेल तर किट टाकणारे आहेत, पण घेणाऱ्याला सांगा हं. ठेवायची असेल तर ड्युअल मासच घाला. आणि खरंच गेलंय का ते आधी बघा, क्लच उतरवल्यावर दोन्ही चकत्या हाताने फिरवून आणि हलवून खेळ किती आहे ते कंपनीच्या मर्यादेशी ताडायचं असतं, नुसत्या आवाजावरून निकाल देणाऱ्या गॅरेजवाल्याला म्हणावं मला दाखव.