वाळवलेली तुळस, गवती चहा आणि ओवा साठवून ठेवल्यास त्यांतील सुगंधी तेल का घटते?

आपण विचारले आहे की, पुरंदर तालुक्यात पिकवलेली तुळस, गवती चहा आणि ओवा वाळवून पत्र्याच्या गोदामात गोण्यांत ठेवल्यावर सहा महिन्यांनी ऊर्ध्वपातनात (वाफेच्या साहाय्याने तेल काढताना) तेल कमी का उतरते आणि उतरलेल्या तेलाचा दर्जा पूर्वीसारखाच राहतो का. मी पुण्यातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात वनस्पतिजन्य औषधांची प्रयोगशाळा सांभाळते. तेथील कामाच्या आधारे उत्तर देत आहे.

तेल घटते आणि बदलतेही. मात्र तिन्ही वनस्पतींत ते सारख्या वेगाने होत नाही, कारण तेल वनस्पतीच्या कोणत्या भागात साठलेले आहे यावर बरेच अवलंबून असते. तुळशीचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये असते, आणि पान वाळून ठिसूळ झाले की गोण्या हलवताना या ग्रंथी फुटतात किंवा गळून पडतात. गोणीच्या तळाशी जो सुवासिक भुगा साचतो, त्यात हे तेलच गेलेले असते. गवती चहाचे तेल पानाच्या आतील पेशींत असल्यामुळे थोडे अधिक सुरक्षित असते, पण पाने बारीक कापून ठेवली की ते संरक्षण संपते. ओव्याचे तेल फळाच्या सालीतील बंद नलिकांमध्ये असते, म्हणून अखंड ओवा दीर्घकाळ टिकतो आणि कुटलेला ओवा लवकर निर्गंध होतो. युरोपीय औषधकोशही (औषधांच्या दर्जाची मानके ठरवणारा ग्रंथ) पुदिन्याच्या अखंड पानांत किलोमागे किमान 12 मिलिलीटर तेलाची अपेक्षा ठेवतो, तर कापलेल्या पानांसाठी 9 मिलिलीटर पुरेसे मानतो. आपल्याकडे शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथाने चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य, म्हणजे कमी गुणकारी, होते असे सांगितले आहे, ते मला या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते.

दर्जाचा प्रश्न प्रमाणापेक्षा गंभीर आहे. हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेल्यांवर हवेतील ऑक्सिजन, उष्णता व प्रकाश यांची क्रिया होते. ओव्याच्या तेलातील गॅमा-टर्पिनीन या घटकाचे हळूहळू पॅरा-सायमीन हे दुसरे संयुग होते. गवती चहातील सिट्रल, ज्याच्यावर त्या तेलाचा भाव ठरतो, ते ऑक्सिडीकरणाने कमी होते, आणि त्यातील मायर्सीन या घटकाचे बहुलकीकरण होऊन (लहान रेणू जोडले जाऊन मोठे रेणू बनून) तेल दाट होते व अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. तुळशीतील युजेनॉल तुलनेने कमी बाष्पनशील असल्याने वास बराच काळ टिकल्यासारखा वाटतो, म्हणून केवळ वासावरून माल चांगला ठरवू नये. लिमोनीन आणि लिनालूल हे सुगंधी घटक असलेली तेले जुनी झाल्यावर त्यांत ऑक्सिजनच्या क्रियेने तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे त्वचेला ॲलर्जी करू शकतात; त्वचेवर लावण्याच्या उत्पादनांसाठी तेल विकणाऱ्याने हे विसरता कामा नये. वाळ्याचे तेल मात्र मुरल्यावर अधिक चांगले होते, परंतु तो नियम आपल्या तिन्ही पिकांना लागू नाही.

पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही वर जाते आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा येते, त्यामुळे तेथे उष्णतेने तेल उडते आणि ओलाव्याने बुरशी धरते. म्हणून तुळस आणि गवती चहा शक्यतो साठवूच नयेत, सावलीत सुकवून लवकर ऊर्ध्वपातन करावे, कारण पानांपेक्षा काढलेले तेल सांभाळणे सोपे असते. पाने ठेवणे भागच असेल तर ती 40 अंश सेल्सिअसच्या आत वाळवावीत, न कापता हवाबंद पिशव्यांत भरावीत आणि स्लॅबच्या, थंड खोलीत जमिनीपासून उंचावर ठेवावीत.

काढलेल्या तेलातील पाणी निर्जल सोडियम सल्फेटने पूर्ण काढून टाकावे आणि तेल गडद तपकिरी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरावे, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीतील हवाच तेल बिघडवते. साधे प्लास्टिकचे कॅन वापरू नयेत. तेलातील टर्पीन गटाची सुगंधी संयुगे त्यांच्या भिंतींत शोषली जातात. लोखंड व तांबे यांच्या संपर्कातही ऑक्सिडीकरण वेगाने होते.

प्रत्येक गोणीवर काढणीची तारीख लिहून ठेवावी, आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर एकाच गोणीतील नमुना क्लेव्हेंजर उपकरणावर (नमुन्यातील तेलाचे प्रमाण मोजणारे काचेचे उपकरण) तपासून घ्यावा. शक्य असल्यास त्या तेलाची गॅस क्रोमॅटोग्राफीही (तेलातील घटक वेगळे करून मोजण्याची चाचणी) करावी, म्हणजे आपल्या गोदामात नेमके काय घटते आहे हे आपल्याच आकड्यांवरून दिसेल.