वाचक विचारतात : केसपेपर पडद्यावर गेला तेव्हापासून

प्रश्न : अमेरिकेत फॅमिली फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतो. शेवटचा पेशंट पाचला जातो, नोंदी मात्र रात्री नऊपर्यंत चालतात. टेम्प्लेटमुळे (आधीच भरून येणाऱ्या तयार साच्यामुळे) एकेक नोंद चार पानांची होते. नियमांसाठी यातलं खरोखर लागतं किती?

उत्तर : आता फार थोडं. पूर्वी बिलाची पातळी, म्हणजे भेटीचे किती पैसे लावायचे ते, मोजणीवर ठरायची: इतिहासाचे मुद्दे किती, शरीराच्या किती संस्थांबद्दल (श्वसन, पचन वगैरे) विचारलं, तपासणीचे मुद्दे किती. १९९५ आणि १९९७ची ती मार्गदर्शक तत्त्वं. म्हणून एका क्लिकला चौदाच्या चौदा संस्था 'नॉर्मल' ओतणारी टेम्प्लेटं निघाली. १ जानेवारी २०२१पासून ओपीडीच्या भेटींसाठी ही मोजदाद बंद झाली. २०२३मध्ये दाखल रुग्णांसाठीही. इतिहास आणि तपासणी गरजेपुरती लिहायची. पातळी ठरते वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर, नाहीतर त्या दिवशी त्या पेशंटसाठी तुम्ही स्वतः दिलेल्या एकूण वेळेवर. नोंद लिहिण्याचा वेळही त्यात धरता येतो, पण त्याच तारखेला लिहिली तर. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेली धरत नाहीत.

नियम गेले, टेम्प्लेटं राहिली, असा हा प्रकार आहे. सर्वात जास्त वापरात असलेलं टेम्प्लेट उघडा. आपोआप भरणारी चौदा संस्थांची यादी काढा. सगळे लॅब रिपोर्ट ओढून आणणारी ओळ काढा. निदान आणि योजना सगळ्यात वर घ्या, कारण पुढचा डॉक्टर तेच शोधतो. निर्णयाच्या गुंतागुंतीचे तीन भाग असतात: हाताळलेले आजार, पाहिलेली माहिती आणि जोखीम. तिघांपैकी दोन त्या पातळीला पोचले की झालं. लिहायचं ते इतकंच: 'मधुमेह, आटोक्यात नाही. एचबीएवनसी ८.९, तीन महिन्यांपूर्वी ८.१. ईजीएफआर ७२. मेटफॉर्मिन ५०० वरून १००० मिग्रॅ, दिवसातून दोनदा.' यात तिन्ही भाग आले: आजार, दोन रिपोर्ट (एचबीएवनसी म्हणजे सरासरी साखर, ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडाचं काम) आणि औषध बदलण्याची जोखीम.

कालची नोंद आज चिकटवायची सवय मात्र आधी सोडा. गुडघ्याखाली पाय काढलेल्या पेशंटच्या 'दोन्ही पावलांच्या नाड्या लागतात' असं फक्त टेम्प्लेटच लिहू शकतं, आणि कोर्टात त्याखाली सही तुमची असते.

प्रश्न : डॉक्टर माझ्याकडे न बघता टाइप करत बसतात. हे सगळीकडेच असं आहे का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५७ डॉक्टरांच्या शेजारी बसून वेळ मोजला होता. पेशंटसमोरच्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात गेले. तुम्ही एक करू शकता: पडदा तुमच्या बाजूला वळवायला सांगा आणि औषधांची व ॲलर्जीची यादी दोघांनी मिळून वाचा. बंद झालेली औषधं त्यात हमखास सापडतात.

प्रश्न : औषध लिहिताना पडद्यावर इतके अलर्ट (धोक्याच्या सूचना) येतात की वाचायचे तरी कोणते? माझ्या हाताखालचे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) डोळे झाकून 'ओके' दाबतात.

उत्तर : त्यांना दोष देऊ नका. डोळे झाकायला सॉफ्टवेअरनेच शिकवलं. औषध-सुरक्षेच्या अलर्टांपैकी ४९ ते ९६ टक्के बाजूला सारले जातात, असं २००६च्या एका आढाव्यात दिसलं होतं.

२०१३ साली अमेरिकेतल्या एका शिक्षण-रुग्णालयात काय झालं ते पाहा. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. त्याची नेहमीची प्रतिजैविकाची गोळी १६० मिग्रॅची. पण तिथलं धोरण असं की ४० किलोखाली डोस वजनावरच लिहायचा. दर किलोला ५ मिग्रॅ लिहिल्यावर आकडा १९३ आला. हा आकडा १६०च्या गोळीशी जुळत नव्हता, म्हणून फार्मसिस्टने ऑर्डर दुरुस्त करायला सांगितली, तेही धोरणच. डॉक्टरने १६० टाइप केलं. शेजारच्या चौकटीत मात्र 'मिग्रॅ प्रति किलो' तसंच राहिलं. हिशेब झाला साडेअडतीस गोळ्यांचा! अलर्ट आला, पण दिसायला रोजच्यासारखाच. डॉक्टरने आणि फार्मसिस्टनेही तो पुढे ढकलला. यंत्राने गोळ्या बिनचूक मोजल्या, बारकोडने बरोबर म्हटलं, नर्सने दिल्या. मुलाला आकडी (फिट) आली. सुदैवाने तो वाचला.

म्हणून रेसिडेंटना आकडा नव्हे, एकक वाचायला लावा, आणि सही करण्याआधी 'एका वेळी किती गोळ्या' हे मोठ्याने म्हणायला लावा. रुग्णालयाच्या औषध समितीकडून दर महिन्याला यादी मागा: कोणता अलर्ट किती वेळा आला, किती वेळा झुगारला. जवळजवळ प्रत्येक वेळी झुगारला जाणारा अलर्ट तपासून बंद करा. काम पूर्ण अडवणारा लाल थांबा मोजक्याच ठिकाणी ठेवा. कमाल डोसच्या कित्येक पट ऑर्डर हे त्यातलं पहिलं.

प्रश्न : बायॉप्सीचा रिपोर्ट माझ्याआधी पेशंटच्या फोनवर पोचतो. थोडे दिवस रोखता येईल का?

उत्तर : सरसकट नाही. अमेरिकेत ५ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या माहिती-अडवणूकविरोधी नियमांत (पेशंटची वैद्यकीय माहिती विनाकारण रोखू नये, असे नियम) ते बसत नाही. अपवाद आहे तो जिवाला किंवा शरीराला इजा होण्याच्या धोक्याचा, आणि तोही त्या एका पेशंटपुरता; 'घाबरेल' हे कारण चालत नाही. तेव्हा तपासणी लिहितानाच बोलून घ्या: 'रिपोर्ट तुम्हाला आधी दिसेल, त्यात कॅन्सर असाही शब्द असू शकतो. लगेच वाचायचा की माझा फोन येईपर्यंत थांबायचं, ते तुम्ही ठरवा.' मग फोनचा दिवस तिथेच ठरवा.