माफीनामा आधी त्या एका खेळाडूला, मग बाकीच्यांना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळात सहा जणांचा गेम स्टुडिओ. पावसात वीज आणि नेटवर्क एकदम गेल्याने देवगडकडच्या एका खेळाडूचा सामना तुटला आणि त्याची क्रमवारी घसरली. त्याने डिस्कॉर्डवर (खेळाडूंच्या गप्पांचं ॲप) सीझन पासचे (ठरावीक काळाच्या जादा सोयींचे) २९९ रुपये परत मागितले. तुमच्या सपोर्टवरच्या मुलाने सगळ्यांसमोर "गावात राहून ऑनलाइन गेम कशाला खेळता, विटीदांडू खेळा" असं लिहिलं, आणि त्याच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉटही टाकला. त्यात खेळाडूचा मोबाइल नंबर दिसत होता. आता ते सगळं फिरतंय आणि तुम्ही माफीनाम्याचा मसुदा देऊन हा चालेल का, असं विचारलंय.

नाही चालणार. तुमचं वाक्य आहे: "आमच्या टीममधील एका सदस्याच्या वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास आम्ही दिलगिरी व्यक्त करतो." यात कोणी, कोणाला, काय केलं यातलं काहीच नाही. "दुखावल्या गेल्या" म्हटलं की दुखावणारा गायब होतो. "असल्यास" म्हटलं की घडलं की नाही याचीच शंका उरते. आणि "दिलगिरी व्यक्त करणं" हे आपलं आपण करून मोकळं व्हायचं काम आहे. माफी मात्र समोरच्याकडे मागावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे तो ठरवतो. म्हणून "माफी मागतो" हेच शब्द हवेत.

आपल्याकडे गाऱ्हाणं घालताना "काय चुकलामाकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा" म्हणतात. तिथे ते शोभतं, कारण काय चुकलं ते देवाला ठाऊक आहे असं आपण धरून चालतो. गिऱ्हाइकाला मात्र तुम्हाला काय चुकलं ते कळलंय का, हेच पाहायचं असतं. तिथे चूक नाव घेऊन सांगावी लागते.

पण मसुदा नंतर. आधीची कामं राहिली तर चांगला मसुदाही फुकट जातो.

पहिल्या दोन तासांत: तो नंबर दिसणारा स्क्रीनशॉट अजून चॅनलवर असेल तर काढा, पण काढण्याआधी तारीख-वेळेसकट पूर्ण संवादाची नोंद स्वतःकडे घ्या आणि ती दोनच माणसांना उघडता येईल अशी ठेवा. डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगवर (कोणी काय बदललं याच्या नोंदवहीवर) भिस्त ठेवू नका. तो ४५ दिवसच राहतो आणि माणसाने स्वतःचाच संदेश पुसला तर त्यात नोंद होत नाही. सपोर्टच्या मुलाचे अधिकार काढा: डिस्कॉर्डवरची भूमिका, स्टुडिओच्या सोशल अकाउंटचे पासवर्ड, प्ले कन्सोलचा (गूगलच्या दुकानात गेम विकणाऱ्याच्या खात्याचा) प्रवेश. ही शिक्षा नव्हे, रागाच्या भरात आणखी काही पडू नये म्हणून घेतलेली काळजी आहे, आणि त्यालाही ती तशीच समजावून सांगा. भांडणात त्या खेळाडूला कोणी टाइमआउट (काही काळ लिहायला बंदी) दिला असेल तर तो उठवा. डिस्कॉर्डवर टाइमआउट २८ दिवसांपर्यंत देता येतो. तो तसाच राहिला तर ज्याची माफी मागताय त्यालाच खाली उत्तर देता येत नाही. हे फार सहज राहून जातं.

मग चॅनलवर दोन ओळी: "काल रात्री इथे जे लिहिलं गेलं ते चुकीचं होतं. संबंधित खेळाडूशी बोलून उद्या संध्याकाळी सातपर्यंत सविस्तर लिहितो." वेळ दिली की पाळायची. त्या दोन ओळींत कारणं घालू नका.

आता पैसे. प्ले स्टोअरवरून पास घेतला असेल तर ऑर्डर क्रमांक 'जीपीए'ने सुरू होतो. तो कन्सोलच्या ऑर्डर व्यवस्थापनात टाकून रिफंड तुम्हीच देऊ शकता, गूगलची वाट पाहावी लागत नाही. तिथे रिफंडबरोबर खरेदीचा हक्कही काढून घ्यायचा का, असा पर्याय येतो. तो निवडू नका. निवडलात तर पैसे परत जातील पण सकाळी खेळाडूचा पास गायब दिसेल, आणि त्याला वाटेल सूड उगवला. स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) पूर्ण गेमचा रिफंड स्टीमच देतं (साधारण नियम: खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ), तिथे तुमच्या हातात फक्त रस्ता दाखवणं आहे. स्वतःच्या साइटवरून विकत असाल तर ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार मिटवायची असते. तसा अधिकारी नेमलेला नसेल तर आजच नेमा. सहा जणांत एकाचं नाव आणि ईमेल साइटवर टाकायला वेळ लागत नाही.

पैसे निघाल्यावर खेळाडूशी खाजगीत बोला. स्टुडिओच्या मालकाने बोलायचं, सपोर्टने नाही. आधी संदेश टाकून फोन चालेल का विचारा. त्याचा नंबर नुकताच चव्हाट्यावर आलाय, अनोळखी फोनने तो दचकेल. मुलगा अठराच्या आतला असेल आणि पैसे वडिलांच्या किंवा मावशीच्या यूपीआयवरून गेले असतील, जे आपल्याकडे सर्रास होतं, तर घरच्या मोठ्यांशीही बोला. काय बोलायचं: काय चुकलं, पैसे निघाले, नंबर किती वेळ दिसत होता, फसवणुकीचा फोन आला आणि पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं, नंबर बदलायचा असल्यास खर्च आमचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात माहिती अशी फुटल्यावर ज्याची ती होती त्याला आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवण्याची तरतूद आहे. तुमच्यावर ती आज कशी लागू होते ते वकिलाला विचारून घ्या.

शेवटी त्याला जाहीर पोस्ट वाचून दाखवा आणि तीन गोष्टी विचारा: तुझं टोपणनाव घालू की नको, ते वाक्य पुन्हा लिहिलेलं चालेल का, काही चुकीचं लिहिलंय का. पोस्ट खाली घ्या किंवा आम्हाला माफ केलंस असं लिही, असलं काहीही मागायचं नाही. तो मालवणीत बोलत असेल तर मालवणी येणाऱ्यानेच बोलावं. जाहीर पोस्टमध्ये मात्र हौसेने मालवणी घालू नका. गावावरून टोमणा मारल्यावर लगेच गावची बोली वापरली तर ती थट्टाच वाटते.

गावावरून हिणवणं या धंद्यात नवीन नाही. एप्रिल २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या एका अधिकाऱ्याने ट्विटरवर, कायम ऑनलाइन लागणाऱ्या कन्सोलबद्दल तक्रार करणाऱ्यांना 'चालवून घ्या' अशा अर्थाचं उत्तर दिलं. इंटरनेट नीट नसलेल्या लहान गावांची नावं कोणी घेतली तेव्हा, मी तिथे कशाला राहू, असंही लिहिलं. कंपनीने माफी मागितली, पण तो माणूस कंपनीचा प्रवक्ता नाही हेही त्यातच सांगितलं. पुढे तो कंपनीतून बाहेर पडला. तुम्हाला 'प्रवक्ता नाही'ची सोय नाही. तुमचा मुलगा स्टुडिओच्याच नावाची पट्टी लावून, मदतीच्याच चॅनलमध्ये लिहीत होता. खेळाडूसाठी तोच स्टुडिओ.

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये एपेक्स लेजंड्स या गेममध्ये एक इव्हेंट आला. त्यातल्या चांगल्या वस्तू फक्त लूट बॉक्समधून (आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेटीतून) मिळत होत्या, त्यामुळे खेळाडू भडकले. तो गेम बनवणाऱ्या रिस्पॉन स्टुडिओने रेडिट या चर्चेच्या साइटवर चूक कबूल करून विक्रीची पद्धत बदलली. तिथपर्यंत ठीक होतं. पण त्याच धाग्याखाली स्टुडिओतल्याच काही जणांनी खेळाडूंशी वाद घातला, त्यांना अपशब्द आणि फुकटे म्हटलं. मग स्टुडिओच्या प्रमुखाला त्या बोलण्याबद्दल वेगळी माफी मागावी लागली. म्हणजे पहिला माफीनामा बुडाला तो त्याच्या खालच्या प्रतिक्रियांत. म्हणून माझं ठाम मत: मजकुरावर जितका वेळ घालवाल, तितकाच खाली कोण आणि कसं उत्तर देणार यावर घालवा.

खाली उत्तर देणारी दोनच माणसं ठेवा आणि त्यांच्या पाळ्या लावा, सकाळी नऊ ते रात्री अकरा, निदान तीन दिवस. बाकी चौघांनी वैयक्तिक अकाउंटवरूनही तोंड उघडायचं नाही, स्टुडिओची बाजू घ्यायलासुद्धा. दोघांची नेटवर्कं वेगळ्या कंपन्यांची हवीत, राउटर इन्व्हर्टरवर हवा. आपल्याकडे जुलैत एक झाड तारेवर पडलं की संध्याकाळ गेली. माफी टाकून स्टुडिओ चार तास गप्प बसला तर लोक वीज गेली असेल असं म्हणत नाहीत, पळाला म्हणतात. चतुर्थीला सगळे घरी निघायच्या आदल्या रात्री तर पोस्ट टाकूच नका. उत्तरं छोटी आणि प्रत्येकाला वेगळी. तेच वाक्य वीस जणांना चिकटवलं की ते लगेच ओळखू येतं. प्ले स्टोअरवर परीक्षणाला उत्तर ३५० अक्षरांत बसवावं लागतं, तिथे पूर्ण माफीनामा कोंबू नका. चूक मान्य करणारं एक वाक्य, काय केलं त्याचं एक, संपर्काचा ईमेल, बस.

आता मजकूर. तुमच्या प्रकरणात मी असा लिहीन, वेळा तुमच्या नोंदीतून भरा:

"शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या मदत चॅनलमध्ये आमच्या सपोर्टच्या माणसाने एका खेळाडूला 'गावात राहून ऑनलाइन गेम कशाला खेळता' असं लिहिलं आणि त्यांच्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात त्यांचा मोबाइल नंबर होता आणि तो ४० मिनिटं सगळ्यांना दिसत राहिला. पहिली गोष्ट अपमानाची होती. दुसरी करण्याचा आम्हाला कसलाही अधिकार नव्हता. त्यांची मूळ तक्रार रास्त होती: नेटवर्क तुटल्यावर आमचा गेम सामना हरल्याचं धरतो. आम्ही त्यांची माफी मागतो. त्यांचे पैसे परत केले आहेत, क्रमवारी पूर्ववत केली आहे. आजपासून सपोर्टच्या माणसाला ग्राहकाचा नंबर पूर्ण दिसणार नाही. सामना तुटल्यास पुन्हा जोडून घेण्याची सोय या महिनाअखेरपर्यंत देतो. ३० तारखेला काय झालं ते इथेच लिहू."

खाली मालकाचं नाव. 'टीम' अशी सही नको. मजकूर जिथे प्रकार घडला त्याच चॅनलवर पिन करा (सहज सापडेल असा चिकटवून ठेवा), मग इतरत्र. मराठीत आधी, इंग्रजी नंतर. चित्र करून टाकू नका. जुन्या फोनवर बारीक अक्षरं वाचता येत नाहीत आणि मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीलाही चित्र कळत नाही.

ते वाक्य पुन्हा लिहिलंय ते खेळाडूने होकार दिला असेल तरच. जातीवरून, धर्मावरून, आईबहिणीवरून काही बोललं गेलं असेल तर शब्द पुन्हा छापायचे नाहीत, "जातीवरून अपमान केला" एवढंच.

मजकुरात काय नको तेही सांगतो. सगळ्यांना ५०० नाणी फुकट देऊ नका. ज्याचं नुकसान झालं तो एक आहे, बाकीच्यांना वाटलेली खिरापत तोंड बंद करायला दिल्यासारखी दिसते. आणि "खेळाडूही आमच्या मुलांना शिवीगाळ करतात" हे वाक्य नको. ते खरं आहे, सपोर्टची मुलं रोज काय काय ऐकतात याची मलाही चीड आहे. पण ते इथे आलं की माफीचा सौदा होतो. पंधरा दिवसांनी चॅनलचे नियम म्हणून वेगळं लिहा आणि कडकपणे पाळा.

मुलाला काढायचं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. गर्दी मागतेय म्हणून चोवीस तासांत काढू नका. जुलै २०१८ मध्ये गिल्ड वॉर्स २ बनवणाऱ्या अरीनानेटने ट्विटरवरच्या वादानंतर दोन कर्मचाऱ्यांना तडकाफडकी काढलं. वाद थांबला नाही, उलट स्टुडिओने आपल्या माणसांना जमावापुढे टाकलं म्हणून दुसऱ्या बाजूने टीका झाली. आधी त्याचं म्हणणं लेखी घ्या, त्या दिवशी त्याने किती तिकिटं (तक्रारी) एकट्याने काढली ते पाहा. नंबर टाकणं ही टोमण्यापेक्षा मोठी चूक आहे, निर्णय त्यावरून घ्या. त्याचं नाव जाहीर करू नका, त्याच्याकडून जाहीर माफी वदवून घेऊ नका. खेळाडूला चालत असेल तर त्याने खाजगी पत्र लिहावं.

आणि एक विचारा: २९९ रुपये परत देण्याचा अधिकार त्या मुलाला होता का? बहुतेक नसणार. हो म्हणायचा अधिकार नसलेला माणूस दिवसभर नाही म्हणतो, आणि विसाव्या नाहीला त्याची जीभ घसरते. सपोर्टला न विचारता ५०० रुपयांपर्यंत रिफंड द्यायची मुभा द्या, महिन्याची एक मर्यादा ठरवा. वीज गेल्याच्या तक्रारीला तयार उत्तर आणि ठरलेली भरपाई ठेवा. पावसाळ्यात मदत चॅनलवर संध्याकाळी एकटा माणूस ठेवू नका.

शिमगा सरला तरी कवित्व उरतं. स्क्रीनशॉट पुढच्या वर्षीही कोणीतरी काढेल. तेव्हा दाखवायला तुमच्याकडे ३० तारखेची नोंद हवी: सामना पुन्हा जोडायची सोय सुरू झाली का, किती मिनिटांची, नंबर झाकला गेला का. सोय तयार झाली नसेल तर तसंच लिहून नवी तारीख द्या. ती नोंद त्याच पिन केलेल्या पोस्टखाली टाका, टाकण्याआधी त्या खेळाडूला पाठवा, आणि पिन तोपर्यंत काढू नका.