एबर पॉझिटिव्हच्या पुढे

खारघर, नवी मुंबई

प्रिय मुली,

लिम्फोमावरचं, म्हणजे लिम्फ पेशींच्या कर्करोगावरचं, तुझं टिपण वाचलं. ‘प्रतिकारशक्ती घटली म्हणून विषाणूने लिम्फोमा केला’ असं एका ओळीत उरकलंयस. किडनी बदललेल्या पेशंटपुरतं ते बरंचसं खरं. हॉजकिन लिम्फोमालाही तेच वाक्य लावलंस, तिथे मी लाल रेघ मारली आहे.

ईबीव्ही, म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू, ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात असतोच. बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींत तो जन्मभर मुक्काम ठोकतो आणि टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्याच्यावर पहारा ठेवतात. तेव्हा आधी हे बघ, की गाठीतली पेशी विषाणूची कोणती प्रथिनं उघड करतेय? प्रत्यारोपणानंतरच्या गाठीत बहुधा सगळा संच उघडा असतो. टी-पेशी धड असत्या, तर ती पेशी जगलीच नसती. म्हणून तिथे पहिला उपाय प्रतिकार दाबणारी औषधं कमी करण्याचा. कधी तेवढ्यानेच गाठ विरते. (किडनीवाल्या डॉक्टरांना विचारूनच हं, नाहीतर किडनी जायची.) बर्किट लिम्फोमाचं उलट. तिथे बहुतेकदा विषाणूचं एकटं ईबीएनए-१ हे प्रथिन, आणि त्यातली ग्लायसिन-अ‍ॅलनिनची (दोन अमिनो आम्लांची) लांबलचक माळ त्याचे तुकडे टी-पेशींसमोर फारसे येऊ देत नाही. गंमत म्हणजे १९६४ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा सापडला, तो याच गाठीच्या पेशींत.

आता हॉजकिन. कर्करोगाच्या खऱ्या पेशी, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, गाठीत जेमतेम एखाद-दोन टक्के. संध्याकाळी ठाणे स्टेशनवर ओळखीचा चेहरा हुडकावा, तशी शोधावी लागते. बाकी सारी गर्दी प्रतिकारपेशींचीच! ती पेशी रसायनं सोडून त्यांना स्वतःच बोलावते, त्यातही टी-पेशींना आवरणाऱ्या ‘रेग्युलेटरी’ जास्त, आणि वर पीडी-एल१ हे प्रथिन दाखवून मारेकरी टी-पेशींचे हात बांधते. विषाणूचं एलएमपी-१ नावाचं प्रथिन हे पीडी-एल१ वाढवायला मदत करतं. इथे प्रतिकारशक्ती कमी आहे असं म्हणशील?

हेपॅटायटिस सी तर तिसरीच तऱ्हा. तो बी-पेशींना सतत डिवचत राहतो. प्लीहेच्या काही लिम्फोमांत नुसता विषाणू घालवला तरी गाठ ओसरते.

म्हणून एबर, म्हणजे गाठीतला ईबीव्ही दाखवणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली की लगेच स्लाइड ठेवून देऊ नकोस. एलएमपी-१, ईबीएनए-२ (हेही विषाणूचंच प्रथिन) आणि पीडी-एल१ च्या तपासण्या मागव. एचआयव्हीचा रिपोर्ट बघ. आणि पेशंटच्या गोळ्यांची पिशवी उघडायला लाव. संधिवाताची, प्रतिकार दाबणारी मेथोट्रेक्सेट पुष्कळदा कुणी सांगतच नाही, आणि ती थांबवल्यावर ओसरणाऱ्या गाठीही असतात.

हॉजकिनचा परिच्छेद नव्याने लिहून सोमवारी पाठव. बर्किटचा तसाच राहू दे, तो चांगला उतरलाय.