'काइंड ऑफ ब्लू'च्या जुन्या तबकडीशी पियानोचा सूर का जुळत नाही?

दोष आपल्या पियानोत नसून बहुधा तबकडीत आहे: अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या या ध्वनिमुद्रिकेच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पहिली बाजू मूळ वादनापेक्षा किंचित जलद, आणि म्हणून किंचित चढ्या सुरात वाजते. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरील स्टुडिओत पहिले सत्र झाले, तेव्हा मुख्य टेपयंत्र ठरलेल्या गतीपेक्षा थोडे मंद चालत होते. मंद गतीने मुद्रित झालेली फीत योग्य गतीच्या यंत्रावर वाजवली की लय आणि स्वर दोन्ही वर सरकतात. हा फरक अर्ध्या स्वराहूनही कमी असल्याने नुसते ऐकणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही. सोबत वाजवू पाहणाऱ्याला मात्र तो छळतो. 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या तीन रचनांना हा दोष लागू आहे. त्याच सत्रात दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव फीत योग्य गतीची होती आणि तिच्याच आधारे १९९२ साली दुरुस्त आवृत्ती निघाली, म्हणजे तब्बल ३३ वर्षे श्रोत्यांनी चढा सूरच मूळ मानला! मात्र 'ऑल ब्लूज' किंवा 'फ्लॅमेन्को स्केचेस'देखील जुळत नसतील, तर पियानोच लावून घ्यावा, कारण २२ एप्रिलच्या सत्रातील त्या रचनांची गती मुळातच बरोबर आहे.