चिठ्ठीत काय लिहावे आणि काय नको

प्रश्न : माझे वडील मालवण तालुक्यात एकटे राहतात. हृदयाची झडप बदललेली असल्याने त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. आई गेल्यापासून नैराश्यावरचीही एक गोळी सुरू आहे, पण ती वाडीत कोणाला कळू नये, असे त्यांना वाटते. पावसात ते खळ्यातल्या शेवाळावर घसरले. शेजाऱ्यांनी रिक्षेने दवाखान्यात नेले. गोळ्या कोणत्या, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. शेजाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात फोन केला, तर तेथून माहिती नाकारली गेली. हे योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नकार योग्यच होता, असे माझे मत आहे. फोन करणारा शेजारी आहे की जमिनीच्या वादातला भाऊबंद, हे पलीकडच्या कर्मचाऱ्याला कसे कळावे? उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या क्रमांकावरून स्वतः विचारले असते, तर मात्र माहिती मिळायला हवी होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही जिवाला धोका असताना संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा आहे.

'आभा' या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा 14 अंकी क्रमांक जरूर काढावा. परंतु त्यावरचे अहवाल रुग्णाच्या संमतीने उघडतात, आणि वीज व नेटवर्क दोन्ही गेलेल्या रात्री बेशुद्ध माणसाकडून ती मिळवणे अवघड आहे. म्हणून पाकिटात प्लॅस्टिकच्या वेष्टनात एक चिठ्ठी ठेवावी. तीत नाव, कृत्रिम झडप, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव व मात्रा, ॲलर्जी आणि तुमचा क्रमांक एवढे पुरे. अशा रुग्णाच्या डोक्याला मार लागला, तर तो वरवर ठणठणीत दिसला तरी आतल्या रक्तस्रावाच्या शंकेने सीटी स्कॅनचा विचार लगेच करावा लागतो. हा निर्णय त्या एका ओळीवर अवलंबून असतो.

नैराश्यावरची गोळी वगळू नये, कारण त्यांपैकी काही गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. तिचे फक्त नाव लिहावे, आजाराचे लिहू नये. डॉक्टरांना नावावरून उमगते. हल्ली मोबाइलवर नाव शोधणारे शेजारीही असतात, तेव्हा ही चिठ्ठी बंद लिफाफ्यात ठेवून वर 'फक्त डॉक्टरांसाठी' असे लिहावे, आणि लिफाफा कोठे आहे एवढेच विश्वासाच्या एका शेजाऱ्याला सांगावे. मजकूर वडिलांना विचारूनच ठरवावा. रक्त तपासणीनंतर गोळीची मात्रा बदलली, की जुनी चिठ्ठी फाडून तारखेसह नवी लिहावी.