झेड म्हणतो रिजेक्ट, टी म्हणतो नाही, मग रिपोर्टात लिहू काय?

प्रश्न: सर, मी टीवायला आहे. स्टॅट्सच्या प्रोजेक्टसाठी म्हापशाच्या बाजारातनं काजूगरांची २५० ग्रॅमची १६ पाकिटं आणली नि घरी वजन केलं. सरासरी आली २४६ ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत त्याचं माप) ८. झेड टेस्ट लावली तर नल हायपॉथिसिस (खरी सरासरी २५० च आहे, हे गृहीतक) रिजेक्ट होतो, मैत्रीण म्हणाली टी लाव, तर होत नाही, आणि आता चुलतभाऊ म्हणतो वन-टेल कर, म्हणजे वजन कमी आहे का एवढंच तपास, त्यात टी लावूनच परत रिजेक्ट! डोकं फिरायची पाळी आलीय. — एक वाचक, म्हापसा

उत्तर: अगं, आकडेमोड तिन्ही ठिकाणी बरोबर आहे, म्हणून तर गंमत आहे. ८ ला १६ च्या वर्गमुळानं भागलं की स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी साधारण किती इकडंतिकडं होऊ शकते ते, २; सरासरी ४ ग्रॅमनी कमी, त्याला ह्या २ नं भागलं की उत्तर उणे २. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते या २ ची तुलना कशाशी करायची यावर.

आधी सांग, ते ८ कुठनं आलं? त्याच १६ पाकिटांतनं ना? मग झेडचा विषय संपला. झेडला सगळ्या मालाचं स्टँडर्ड डेव्हिएशन आधीच ठाऊक असावं लागतं, आणि तसं ते प्रत्यक्षात सहसा कुणाला ठाऊक नसतं, पुस्तकातल्या गणितांत तेवढं दिलेलं असतं. तुझं ८ हा नुसता अंदाज, दुसरी १६ पाकिटं घेतलीस तर ६ येईल नाहीतर १० येईल, आणि ह्या डगमगीची किंमत टी वसूल करतो, म्हणून ५ टक्क्यांसाठी (म्हणजे गृहीतक खरं असूनही रिजेक्ट व्हायची शक्यता तेवढीच ठेवायची तर) झेडची हद्द, जिच्यापलीकडे उत्तर गेलं की रिजेक्ट, १.९६ असली तरी १५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (१६ पाकिटं वजा एक) टीची हद्द २.१३१. तुझे २ बरोबर मधोमध अडकलेत. हे शोधून काढलं विल्यम गॉसेटनं, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता, तिथं असेच छोटे छोटे सँपल हाताळावे लागायचे. १९०८ साली ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावानं पेपर छापला, म्हणून ती स्टुडंट्स टी.

आता चुलतभाऊ. वन-टेलची हद्द १.७५३, तेव्हा रिजेक्ट होणारच. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला वजन कमी भरतंय का एवढंच बघायचंय, हे म्हणणं चुकीचं अजिबात नाही, पण ते पाकिटं तोलायच्या आधी ठरवायचं असतं. निकाल बघून टेल निवडलीस की तुझे ५ टक्के ५ राहतच नाहीत. आधी ठरवलं नव्हतंस ना? मग टू-टेलच लिही, म्हणजे कमी-जास्त दोन्ही बाजू धरून; पी-व्हॅल्यू (खरी सरासरी २५० असताना एवढा किंवा जास्त फरक नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता) साधारण ०.०६४.

आणि “रिजेक्ट झाला नाही” म्हणजे “वजन २५० आहे हे सिद्ध झालं” असं कृपा करून लिहू नकोस, दर वर्षी निम्मे रिपोर्ट इथंच घसरतात. ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकेल तो पट्टा, काढ, साधारण २४१.७ ते २५०.३ येतो. त्यात २५० बसतं, पण अगदी काठावर, आणि २४३ सुद्धा बसतं! म्हणजे एवढ्या पाकिटांवरनं ठामपणे काही बोलता येत नाही, हेच खरं उत्तर, आणि परीक्षकांना ते आवडतं. स्टँडर्ड एरर निम्मा हवा तर पाकिटं चौपट, ६४ लागतील, खर्च कोण देणार ते घरी विचार.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. सोळाच्या सोळा पाकिटं एकाच दुकानातली, एकाच दिवशी भरलेली असतील तर तू बाजाराबद्दल नाही, फक्त त्या एका लॉटबद्दल बोलतेयस, कुठलीही टेस्ट लाव. आणि वजन करताना रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं होतंस का? नसेल तर प्रत्येक आकड्यात ते सारखंच जास्तीचं धरलं गेलंय, टी टेस्टला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि २४६ पासनं सगळं परत करावं लागेल.